कच्च्या तेलातलं मेण आणि ते साचू न देणारी रसायनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यात तेलाची विहीर नाही, रिफायनरीही नाही. तरी क्रूडमधल्या मेणाबद्दल इथून बरेच प्रश्न येतात. सातपूर-अंबडच्या रसायन कारखान्यांतून येतात, प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्या केमिकल इंजिनिअरिंगच्या मुलांकडून येतात, मनमाडजवळ पानेवाडीला टँकर भरणाऱ्या चालकांकडून येतात आणि जानेवारी उजाडला की निफाडच्या ट्रॅक्टरवाल्यांकडून. प्रश्न आले तसेच, थोडे नीट करून, खाली दिले आहेत.

आमच्या पानेवाडीला येणाऱ्या पाइपलाइनमध्ये मेण साचतं का?

तुम्ही म्हणता तसं नाही. मुंबई-मनमाड पाइपलाइन भारत पेट्रोलियमची, १९९८ पासूनची. तिच्यातून माहुलच्या रिफायनरीत तयार झालेला माल येतो: पेट्रोल, डिझेल वगैरे. पुढे हीच लाइन इंदूरजवळच्या मांगल्यापर्यंत आणि तिथून दिल्लीकडे वाढवली. मेणाचा खरा त्रास विहिरीपासून रिफायनरीपर्यंतच्या प्रवासात होतो. आपल्याला सगळ्यात जवळचं असं ठिकाण म्हणजे उरण, जिथे मुंबई हायचं तेल समुद्राखालच्या पाइपमधून किनाऱ्याला लागतं. डिझेलमध्येही थोडं मेण असतंच, पण त्याबद्दल शेवटी.

मेण तेलात येतं कुठून? कोणी मिसळतं का?

कोणी मिसळत नाही, ते मुळातच असतं. क्रूड म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यातल्या सरळ साखळीच्या, साधारण १८ किंवा जास्त कार्बन अणूंच्या पॅराफिनांना आपण मेण म्हणतो. जमिनीखाली तेल गरम असतं, तेव्हा ते पूर्ण विरघळलेलं असतं. वर आलं, पाइपमध्ये शिरलं, थंड झालं की सुटं व्हायला लागतं. डिसेंबरच्या सकाळी बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं ना, तसंच. फरक एवढाच की इथे बाटली शेकडो किलोमीटर लांब असते आणि ती उन्हात ठेवता येत नाही.

सगळ्या क्रूडमध्ये मेण सारखं नसतं. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं. त्याच्या तेलाचा पोअर पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाखाली तेल वाहत नाही तो बिंदू, ३० अंशांच्या आसपास. राजस्थानात बाडमेरजवळचं मंगला क्षेत्र २००४ मध्ये सापडलं. तिथलं तेल ४० अंशांच्या वरच हलायला तयार होतं, म्हणजे नाशिकमध्ये वर्षातले बहुतेक दिवस ते घट्ट गोळाच राहिलं असतं. आसामचं तेलही मेणाचंच. दिगबोईची रिफायनरी १९०१ ची, आणि तिचं मेण प्रसिद्ध आहे. एकाची डोकेदुखी ती दुसऱ्याची मेणबत्ती.

क्लाउड पॉइंट आणि पोअर पॉइंट एकच ना?

नाही, आणि निम्मे गैरसमज इथेच होतात. तेल थंड होताना ज्या तापमानाला मेणाचा पहिला स्फटिक दिसतो तो क्लाउड पॉइंट. क्रूड काळं असल्याने डोळ्याला ढग दिसत नाही, म्हणून त्याला 'वॅक्स दिसू लागण्याचं तापमान' म्हणतात आणि ते सूक्ष्मदर्शकाने किंवा डीएससी यंत्राने (नमुना थंड होताना सुटणारी उष्णता टिपणाऱ्या) मोजतात. पोअर पॉइंट त्याच्या बराच खाली असतो. तिथे तेल वाहणंच थांबतं. पाइपच्या भिंतीवर थर बसायला सुरुवात वरच्या तापमानाला होते, लाइन गोठण्याची भीती खालच्या तापमानाला. बाजारातली बरीच रसायनं पोअर पॉइंट १०-१५ अंशांनी खाली आणतात, पण पहिल्या तापमानाला फारसा धक्का लावत नाहीत. विकणारा 'मेणाचा प्रॉब्लेम संपला' म्हणाला, तर कोणता प्रॉब्लेम ते विचारा.

थर भिंतीलाच का बसतो?

कारण भिंत थंड असते. पाइपच्या मध्यभागी तेल गरम, कडेला थंड. कडेच्या तेलातलं मेण सुटं झालं की तिथे विरघळलेल्या मेणाचं प्रमाण घटतं आणि मधल्या भागातलं मेण कडेकडे सरकत राहतं. सुरुवातीला हा थर मऊ असतो, त्यात बरंचसं अडकलेलं तेलच असतं. दिवस जातील तसं हलकं तेल बाहेर पडतं, जड मेण आत शिरतं आणि थर कडक होत जातो. म्हणून आठवड्याने निघणारा थर सहा महिन्यांनी खरवडावा लागतो.

आकडा बघा. पाइपचा आतला व्यास १० टक्क्यांनी कमी झाला, प्रवाह शांत असला आणि दाब तोच ठेवला, तर वाहणारं तेल जवळपास ३४ टक्क्यांनी घटतं, कारण प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो.

लाइन चालू असताना ठीक आहे, पण बंद पडली तर?

खरी भीती तीच. पंप बंद पडला, तेल जागच्या जागी थंड झालं, की मेणाचे चपटे स्फटिक एकमेकांना जोडून जाळं तयार करतात आणि सगळं तेल त्यात अडकतं. यासाठी फार मेण लागत नाही. सुटं झालेलं मेण दोन-तीन टक्के असलं तरी अख्खी लाइन जेलसारखी होऊ शकते.

मग ती पुन्हा चालू करायला किती दाब लागेल? हिशोब साधा आहे: जेलची ताकद गुणिले लांबी गुणिले चार, भागिले व्यास. समजा जेलची ताकद १० पास्कल, पाइप अर्ध्या मीटर व्यासाचा आणि १० किलोमीटर लांब. उत्तर येतं ८ लाख पास्कल, म्हणजे ८ बार. तीच लाइन १०० किलोमीटर असेल तर ८० बार. इथे पाइप आणि पंप दोन्हींची परीक्षा होते. जेलची ताकद ५० पास्कल झाली तर आकडा ४०० बारवर जातो, म्हणजे लाइन सुरूच होणार नाही. प्रत्यक्षात जेल टप्प्याटप्प्याने तुटतं, त्यामुळे दाब थोडा कमी लागू शकतो. पण डिझाइन करणारा माणूस त्या भरवशावर बसत नाही.

रसायनाची किंमत बघताना हा हिशोब समोर ठेवायला हवा. थर कमी बसणं हा एक फायदा. पण बंद पडलेली लाइन पुन्हा सुरू होईल का, हा प्रश्न त्याहून मोठा.

रसायन मेण विरघळवतं का?

नाही. दहा लाख भाग तेलात दोनशे भाग रसायन घातल्यावर ते दहा-पंधरा टक्के मेण कसं विरघळवणार? मेण तेवढंच राहतं. बदलतो तो स्फटिकाचा आकार.

नेहमीचे स्फटिक रुंद, पातळ पत्र्यासारखे वाढतात आणि सहज एकमेकांना लागतात. ही रसायनं म्हणजे लांब साखळीचे पॉलिमर. त्यांचा एक भाग मेणासारखाच असतो, म्हणून तो स्फटिकात सामावून जातो. दुसरा भाग मेणाला न जुळणारा, तो बाहेर राहतो आणि पुढचा थर चढू देत नाही. मग पत्र्याऐवजी लहान, गोळीदार पुंजके बनतात, जाळं जमत नाही आणि तेल मेणासकट वाहत राहतं.

नावं सांगा ना. नेमकं काय असतं त्यात?

जुनं आणि अजून चालणारं म्हणजे इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट, ईव्हीए. चपलांच्या तळव्यात आणि हॉट मेल्ट गोंदात असतं तेच, फक्त ग्रेड वेगळा. यात व्हिनाइल ॲसिटेटचं प्रमाण महत्त्वाचं. कमी असेल तर पॉलिमर स्वतःच मेणासारखा वागतो, जास्त असेल तर स्फटिकाला चिकटत नाही.

दुसरा गट फणीसारख्या पॉलिमरांचा: पॉलिअल्किल ॲक्रिलेट, मेथाक्रिलेट, आणि मॅलेइक ॲनहायड्राइडबरोबर ओलेफिन घेऊन केलेले, नंतर लांब अल्कोहोलने एस्टर केलेले. फणीचे दात म्हणजे बाजूच्या साखळ्या. त्यांची लांबी त्या तेलातल्या मेणाच्या लांबीशी जुळावी लागते. २२ कार्बनचं बेहेनिल अल्कोहोल यात बरंच वापरतात. ते मोहरी-रेपसीडसारख्या तेलापासून मिळतं.

शिवाय डिस्पर्संट असतात. ते सर्फॅक्टंट, म्हणजे साबणाच्या जातीचे, सुटे झालेले स्फटिक वेगवेगळे ठेवतात. ड्रममध्ये बहुधा हे सगळं झायलीनसारख्या द्रावकात मिसळलेलं येतं. म्हणजे पैसे लिटरचे देता आणि काम करणारा पॉलिमर त्यात किती, हे वेगळं विचारावं लागतं. भाव करताना हा प्रश्न पहिला विचारा.

डोस किती?

तेलानुसार ५० ते काहीशे पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), अतिमेणाच्या तेलाला हजाराच्या पुढेही. अंदाजासाठी: २०,००० लिटरच्या टँकरला १०० पीपीएम म्हणजे २ लिटर. तासाला ५०० किलोलिटर वाहणाऱ्या लाइनला २०० पीपीएम म्हणजे तासाला १०० लिटर.

'थोडं जास्तच टाकू' हा आपला स्वभाव इथे उपयोगाचा नाही. एका मर्यादेनंतर फायदा थांबतो, आणि काही तेलांत जादा डोसने पोअर पॉइंट उलटा चढतो.

कधी घालायचं? टँकर गोठल्यावर टाकलं तर चालेल का?

चालणार नाही. टँकर गोठल्यावर रसायनाचे ड्रम आणून ओतणं म्हणजे पैसे पाण्यात.

पॉलिमर स्फटिकात शिरतो तो स्फटिक जन्मताना. एकदा जाळं तयार झालं की त्याला आत जागा नाही. म्हणून रसायन वॅक्स दिसू लागण्याच्या तापमानाच्या बऱ्याच वर, साधारण १० अंश तरी, घालावं लागतं. शक्य असेल तर विहिरीच्या तोंडाशी, किंवा हीटरमधून तेल बाहेर पडतं तिथे. आणि ते नीट मिसळलं गेलं पाहिजे: पंपाच्या आधी डोस द्या किंवा स्टॅटिक मिक्सर बसवा. टँकरच्या झाकणातून ओतलं आणि 'रस्त्यात हलून मिसळेल' म्हणालात, तर वरचा थर चांगला आणि तळ गोठलेला मिळेल.

दुसरी गोष्ट कमी माहीत असते. रसायन दिलेलं तेल वाटेत पुन्हा अर्धवट तापलं तर घोटाळा होतो. पूर्ण तापवलं तर सगळं मेण पुन्हा विरघळतं आणि नव्याने नीट बनतं. पण मधल्या तापमानाला तापवून थंड केलं की हलकं मेण विरघळतं आणि पुन्हा बनताना पॉलिमरची साथ त्याला मिळत नाही. पोअर पॉइंट परत चढतो, कधी मूळच्या जवळ जातो. उन्हात उभा केलेला टँकर, मधल्या स्टेशनवरचा कमकुवत हीटर, तापवलेलं आणि थंड तेल एकत्र येणारी टाकी, अशा ठिकाणी हेच होतं. थंड होत असताना पंपाने जोरात घुसळणंही काही तेलांना सोसत नाही. म्हणून चाचणी करताना तेलाचा खरा प्रवास, म्हणजे कुठे किती तापलं, किती वेगाने थंड झालं, किती तास उभं राहिलं, हे सगळं बाटलीत उतरवावं लागतं.

गुजरातमधल्या तेलावर चाललेलं रसायन आसामच्या तेलावर चालेल का?

योगायोगाने चालेल. मेणाच्या साखळ्यांची लांबी, डांबराचे घटक, रेझिन, पाणी, सगळं क्षेत्रागणिक बदलतं. त्याच क्षेत्रात नवी विहीर जोडली तरी पुन्हा तपासावं.

मेहसाणाचं जाड तेलही याने पातळ होईल?

नाही. उत्तर गुजरातमध्ये बालोल, संथालचं तेल जड आहे ते मुख्यतः ॲस्फाल्टीन (डांबराचे घटक) आणि रेझिनमुळे. तिथे मेण हा मुख्य आरोपी नाही, त्यामुळे मेणाचं रसायन हात टेकतं. घट्ट दिसणारं प्रत्येक तेल मेणाचं नसतं; आधी निदान, मग औषध.

ड्रॅग रिड्यूसर हेच का?

नाही. तो खवळलेल्या प्रवाहातलं घर्षण कमी करतो. अलास्काच्या लाइनमध्ये १९७९ पासून वापरला जातो. मेणाशी त्याचा संबंध नाही.

एवढं करण्यापेक्षा तेल तापवूनच का नेत नाहीत?

नेतात की. मंगलाचं उत्पादन २००९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. लाइन तयार होईपर्यंत तेल टँकरने नेलं, आणि नंतर गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६७० किलोमीटरची लाइन टाकली. सलग तापवलेली, इन्सुलेशन केलेली जगातली सगळ्यात लांब पाइपलाइन म्हणून ती ओळखली जाते. पूर्ण वाटेत तेल ६५ अंशांच्या वर ठेवतात. पाइपला चिकटलेल्या बारीक नळीतून विजेची तार जाते आणि तिच्या प्रवाहाने उष्णता तयार होते. ४० अंशांच्या वर पोअर पॉइंट असणाऱ्या तेलाला एकट्या रसायनाच्या भरवशावर पाठवणं जोखमीचं होतं, त्यामुळे मला हा निर्णय पटतो.

ऑइल इंडियाने १९६० च्या दशकात वेगळीच वाट काढली होती. आसामचं तेल बिहारच्या बरौनीपर्यंत, ११५७ किलोमीटर. ते आधी ९५ अंशांच्या आसपास तापवायचं, मग ठरलेल्या वेगाने, न ढवळता थंड करायचं. नीट थंड केलं की स्फटिक मोठे बनतात पण जाळं कमकुवत राहतं, शिवाय तेलातलेच रेझिन आणि ॲस्फाल्टीन रसायनासारखं काम करतात. म्हणजे विकतचा पॉलिमर नसताना तेलाच्या पोटातलाच वापरला. मला ही युक्ती फार आवडते. पण मोठा प्लांट, इंधन आणि काटेकोर थंडावा यांचा खर्च बघता पुढे रसायनांकडे वळणं साहजिक होतं.

समुद्राखाली मात्र तापवणं महाग पडतं, आणि तळाचं पाणी मुंबई हायच्या पोअर पॉइंटपेक्षा थंड असतं. मुंबई हायच्या क्रूडसाठी फ्लो इम्प्रूव्हर, म्हणजे हीच प्रवाह सुधारणारी रसायनं, शोधण्याचं काम भारतात एवढं झालं ते उगाच नाही.

रसायन सुरू केलं की पिगिंग बंद करता येईल?

बंद नाही, कमी. पिग म्हणजे पाइपमधून तेलाच्याच दाबाने ढकललेला खरवडणारा गोळा. रसायनाने थर हळू बसतो आणि मऊ राहतो, म्हणून दोन फेऱ्यांमधलं अंतर वाढवता येतं. फार वाढवलं तर पुढे ढकललेलं मेण पिगच्या पुढ्यात साचून पिगच अडकतो, आणि मग पाइप कापायची वेळ येते.

जुना थर काढायला कोणता द्रावक?

झायलीन किंवा तशी ॲरोमॅटिक द्रावकं, शक्यतो गरम करून. क्लोरीन असलेली द्रावकं मेण छान विरघळवतात, म्हणून पूर्वी ती वापरली जायची. आज त्यांचं नावही काढू नका. रिफायनरीत त्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं आणि यंत्रं खातं. २०१९ च्या एप्रिलमध्ये रशियातून युरोपला जाणाऱ्या द्रुझ्बा पाइपलाइनमधल्या तेलात सेंद्रिय क्लोराइड सापडली आणि पुरवठा थांबवावा लागला. पॉलिमर रसायनांची अशी भीती नाही. पीपीएममध्ये असतात, बहुतेक जड अवशेषात जातात. तरी खरेदीच्या कागदांत 'क्लोरीनमुक्त' लिहून घ्या.

कॉलेजच्या लॅबमध्ये चाचणी करता येईल?

पोअर पॉइंटची नक्की येईल. काचेची जार, थर्मामीटर, थंड पाण्याचं बाथ. दर ३ अंशांना जार तिरपी करून बघायची. आडवी धरून ५ सेकंद तेल हललं नाही, तर त्या तापमानात ३ मिळवायचे. अवघड भाग नमुन्याचा असतो. क्रूडला आपल्या मागच्या तापण्या-थंड होण्याची आठवण असते, ती पुसायला नमुना बंद बाटलीत ८० अंशांपर्यंत तापवावा लागतो. उघडा तापवलात तर हलके भाग उडतील आणि आकडा खोटा येईल. कोरा नमुना, म्हणजे रसायनाशिवायचा, तोही अगदी त्याच क्रमाने तापवा आणि थंड करा. मुलं हे विसरतात आणि नुसत्या तापवण्याचा फायदा रसायनाच्या नावावर जमा होतो.

थर किती बसतो हे बघायचं तर कोल्ड फिंगर लागतं: गरम तेलात बुडवलेली, आतून थंड पाणी फिरणारी नळी. काही तासांनी तिच्यावरचं मेण वजन करायचं. वर्कशॉपमध्ये बनवून घेता येते.

थंडीत ड्रममधलं रसायनच गोठलं. वाया गेलं का?

बहुधा नाही. पोअर पॉइंट कमी करणाऱ्या रसायनाचा स्वतःचा पोअर पॉइंट २०-२५ अंश असणं हा या धंद्यातला नेहमीचा विनोद. ड्रम गरम पाण्याच्या जॅकेटने किंवा योग्य ड्रम हीटरने हळूहळू कोमट करा, हलवा, एकजीव झालं की वापरा. खाली शेगडी पेटवू नका. झायलीनचा फ्लॅश पॉइंट २७ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे साध्या कोमट ड्रमचं झाकण उघडलं तरी वरची वाफ ठिणगीने पेटू शकते. ड्रम बदलताना अर्थिंग लावा. साठवणूक पेट्रोलियम नियमांत बसते का ते आधी पाहा. परवान्याचं काम पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपूरला आहे.

अंबड किंवा सिन्नरला असं रसायन बनवता येईल का?

मिश्रण करणं सोपं: पॉलिमर आणा, गरम द्रावकात विरघळवा, भरा. एस्टर करणंही मध्यम रिॲक्टरमध्ये जमतं. अडचण पुढे आहे. ग्राहकाचं ताजं क्रूड मिळाल्याशिवाय फॉर्म्युला जुळवता येत नाही, आणि क्रूड तर उरण, गुजरात, आसामकडे. तेल कंपन्या चाचणीतून पास झाल्याशिवाय टेंडरमध्ये घेत नाहीत. ज्याची चाचणीची बाजू पक्की, त्याने यात पडावं. नुसता रिॲक्टर रिकामा आहे म्हणून पडू नये.

चुंबक लावून मेण थांबतं म्हणे? आणि जिवाणू?

चुंबकावर मी पैसे घालणार नाही. जिवाणूंचं काम खरं आहे. ओएनजीसी आणि टेरी यांची संयुक्त कंपनी मेण खाणारे जिवाणू वापरून विहिरींच्या नळ्या मोकळ्या ठेवते. विहिरीत त्यांना थांबून काम करायला वेळ मिळतो. वाहत्या लांब पाइपलाइनमध्ये तो मिळत नाही.

निफाडला पहाटे ट्रॅक्टरचं डिझेल गोठतं. हेच रसायन टाकू का?

हे क्रूडचं रसायन टाकू नका. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या येतात तेव्हा हा फोन हमखास येतो. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा फिल्टर चोंदण्याचा बिंदू उन्हाळ्यात १८ अंशांपर्यंत आणि हिवाळ्यात ६ अंशांपर्यंत चालतो. म्हणजे हिवाळ्याआधी भरून शेडमध्ये ठेवलेल्या ड्रममधलं डिझेल जानेवारीच्या पहाटे फिल्टरमध्ये मेण सोडू शकतं. हिवाळ्यात डिझेल ताजं घ्या, ड्रम भिंतीच्या आत ठेवा. रॉकेल मिसळू नका. भेसळ आहेच, शिवाय पंपाचं वंगण जातं. आणि आधी फिल्टरखालचा पाण्याचा नळ उघडून बघा. बऱ्याचदा मेण नसतं, पाणी असतं.